स्कॉलरशिप ‘अप्रूव्ह’ दिसते, पण पैसे पडेनात: नेमकं कुठं अडकलंय ते असं शोधा

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर फॉर्म भरला, कॉलेजनं पुढं पाठवला, पोर्टलवर ‘अप्रूव्ह’ दिसतंय. रूममेटचे पैसे पडले, वर्गातल्या निम्म्या पोरांचे पडले, आपलेच पडेनात. मग सुरू होतात चकरा. कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर सांगतात, ‘आमच्याकडून ओके आहे, बँकेत विचार.’ बँकेत सांगतात, ‘आमच्याकडं काही आलं नाही, कॉलेजला विचार.’ बँक गावाकडं, कॉलेज संभाजीनगरला किंवा नांदेडला. एका चकरेत एसटीचं भाडं जातं, दिवस जातो आणि वर प्रॅक्टिकल बुडतं.

खरं तर दोघंही बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. पैसे अडकलेले असतात ते त्या दोघांच्या मधे, आणि ती जागा तुम्हाला मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येते. कुठल्याही टेबलापुढं उभं राहण्याआधी ती बघा.

आधी पैसे कसे येतात ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमचा अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलवरून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून विभागाकडं जातो. विभाग म्हणजे तुमच्या योजनेप्रमाणे समाजकल्याण, बहुजन कल्याण, उच्च शिक्षण वगैरे. विभागानं मंजूर केल्यावर पैसे पाठवण्याची फाइल तयार होते, आणि त्या फाइलमध्ये पत्ता असतो तुमचा आधार नंबर. खाते नंबर नाही, आयएफएससीही नाही. बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणारी एनपीसीआय नावाची संस्था आहे. तिच्याकडं एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. त्यात तुमच्या आधारपुढं एकाच बँकेचं नाव असतं. पैसे त्या बँकेकडं जातात आणि ती बँक ते तुमच्या खात्यात टाकते.

म्हणजे अडकण्याच्या जागा तीनच: टेबल, मॅपर, खातं.

टेबल

पोर्टलवर लॉगिन करून ‘माय अप्लाइड स्कीम’मध्ये जा आणि स्टेटस पूर्ण वाचा. ‘अंडर स्क्रूटिनी’ असेल तर कोणत्या लेव्हलला आहे तेही तिथंच दिसतं. इन्स्टिट्यूट लेव्हलला असेल तर काम कॉलेजात आहे, बँकेत जाऊन उपयोग नाही. ‘सेंड बॅक’ असेल तर अर्ज त्रुटी दाखवून तुमच्याकडं परत आलाय आणि तुमचीच वाट बघतोय. त्याचा मेसेज येतो, पण फॉर्म भरताना कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकलेला असेल तर तो तुम्हाला कसा कळणार? त्रुटी तरी काय असतात: उत्पन्नाचा दाखला जुना, गॅपचं प्रमाणपत्र नाही, होस्टेलवर राहता असं लिहिलं आणि होस्टेलचा कागद नाही. दुरुस्त करा, परत पाठवा, संपलं.

आणखी एक. पहिल्या वर्षी फॉर्म भरला म्हणजे डिग्री होईपर्यंतचं काम झालं, असं समजणारे दरवर्षी सापडतात. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करावंच लागतं. मागच्या वर्षीचं ‘अप्रूव्ह’ बघून यंदाच्या पैशाची वाट बघत बसू नका. स्टेटसच्या वर शैक्षणिक वर्ष लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

मंजुरी यंदाचीच आहे आणि तरी पैसे नाहीत, असं असेल तर पुढं चला.

मॅपर

मराठवाड्यातल्या पोरांचे सगळ्यात जास्त पैसे इथं अडकतात, म्हणून इथं जरा थांबतो.

बँकेत तुम्ही विचारता, ‘आधार लिंक आहे का?’ समोरचा कॉम्प्युटरवर बघतो आणि म्हणतो, ‘आहे की, काहून आलास?’ तो खोटं बोलत नाही. केवायसीसाठी तुमचा आधार नंबर खात्याला जोडलेला असतो, तेच त्याला दिसतं. असा आधार तुमच्या चारही बँकांतल्या खात्यांना जोडलेला असू शकतो. मॅपरमध्ये मात्र एकच बँक, आणि ती म्हणजे तुम्ही ज्या बँकेत सगळ्यात शेवटी डीबीटीची, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याची संमती दिली ती. महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्ये तुम्ही कोणतंही पासबुक जोडा, एसटी पाटीवर लिहिलंय तिकडंच जाते.

म्हणून काउंटरवर प्रश्न असा विचारायचा: ‘एनपीसीआयच्या मॅपरला माझं हेच खातं आहे का? नसेल तर डीबीटीसाठी सीडिंगचा फॉर्म द्या.’ सीडिंग म्हणजे मॅपरमध्ये आपल्या आधारपुढं बँकेची नोंद करणं. एवढ्या एका वाक्यानं पुष्कळ चकरा वाचतात.

पण बँकेत जाण्याआधी स्वतः बघा. आधार प्राधिकरणाच्या ‘मायआधार’ पोर्टलवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, तिथं ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा पर्याय आहे. आधारचे शेवटचे चार आकडे, बँकेचं नाव, स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’ आणि शेवटचा बदल झाल्याची तारीख, एवढं दिसतं. तारखेकडं नीट बघा, बहुतेकदा सगळी गोष्ट ती तारीखच सांगते.

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. संभाजीनगरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, पासबुक गावच्या ग्रामीण बँकेचं, दोन वर्षं स्कॉलरशिप त्याच खात्यात आली. तिसऱ्या वर्षी हप्ता आलाच नाही. मायआधारवर बघितलं तर बँकेच्या नावापुढं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, आणि तारीख २०२४ च्या ऑगस्टमधली. तेव्हा लाडकी बहीणची धावपळ चालू होती. आईचं खातं उघडायला पोस्टमन घरी आला, मुलगी २१ पूर्ण झालेली, अविवाहित, तिचाही अर्ज भरायचा होता, म्हणून दोघींचेही अंगठे घेतले आणि दोघींनाही क्यूआर कोडचं कार्ड मिळालं. ते कार्ड घरी देव्हाऱ्याच्या फळीवर. स्कॉलरशिपचा हप्ता त्या खात्यात सुखरूप पडलेला होता, कुणी बघितलंच नव्हतं. यात पोस्टमनचं काही चुकलं नाही. डीबीटी याच खात्यात हवा अशी संमती फॉर्ममध्ये दिलेली होती.

तेव्हा मायआधारवर भलत्याच बँकेचं नाव दिसलं तर आधी घाबरू नका, त्या बँकेत बॅलन्स बघा. पैसे बुडालेले नसतात, बहुतेकदा दुसऱ्या दाराशी पडलेले असतात. सिमकार्डाच्या दुकानात उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं, क्लासच्या फीसाठी लातूरला उघडलेलं खातं, ॲपवर बसल्या जागी उघडलेलं झिरो बॅलन्स खातं, यातलं काहीही असू शकतं. पेटीएम पेमेंट्स बँकेचं नाव दिसलं तर मात्र ताबडतोब बदला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळं १५ मार्च २०२४ नंतर त्या खात्यांत असे पैसे जमाच होत नाहीत.

मॅपिंग बदलायचं ठरवण्याआधी एक विचार करा, विशेषतः मुलींनी. लाडकी बहीणचे १,५०० आणि स्कॉलरशिप, दोन्ही एकाच आधारवर येतात, म्हणजे एकाच खात्यात येणार. मॅपिंग शहरातल्या बँकेत आणलं तर महिन्याचे पैसेही तिकडंच पडतील. घरी ते पैसे आई काढत असेल तर आधी घरी सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात फोन येईल, ‘अगं, पैसे बंद झाले काय?’ बदल न करता त्याच खात्यातून यूपीआयनं आपल्याकडं घेतले तरी चालतं. माझ्या मते खातं चालू असेल आणि मोबाइलवर दिसत असेल तर उगीच हलवाहलव करू नये.

बदलायचंच असेल तर दोन रस्ते. एक, हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून देणं. त्यात ‘आधी दुसऱ्या बँकेत आहे, तिथून इकडं आणा’ असा रकाना असतो, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहा. हा रकाना कोरा ठेवला की अर्ज लटकतो. फॉर्मची झेरॉक्स करून त्यावर शिक्का आणि तारीख घ्या. पोच मागितली म्हणून कुणाला राग आला तरी घ्याच. दुसरा रस्ता एनपीसीआयच्या वेबसाइटवरचा, ग्राहकांच्या विभागात ‘भारत आधार सीडिंग एनेबलर’. नवीन सीडिंग, त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यावर, किंवा एका बँकेतून दुसरीत, असे तिन्ही पर्याय तिथं आहेत. सगळ्या बँका त्यात नाहीत. तुमची असेल तर घरबसल्या काम होतं.

मधला पर्याय नीट लक्षात ठेवा. मायआधारवर फक्त बँकेचं नाव येतं, खाते नंबर येत नाही. शाळेत असताना तालुक्याला उघडलेलं एक आणि विद्यापीठाजवळ उघडलेलं दुसरं, अशी एकाच बँकेत दोन खाती असतील तर नाव बरोबर दिसतं आणि पैसे जुन्या खात्यात पडत राहतात. अशा वेळी बँकेतच विचारावं लागतं की डीबीटी कोणत्या खात्यावर आहे.

ओटीपीच येत नसेल तर आधारला मोबाइल नंबर जुना किंवा वडिलांचा आहे. आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये लागतात. पावती मिळते, त्याहून जास्त मागितले तर पावतीवरचा आकडा दाखवा, किंवा १९४७ वर तक्रार करा. अंगठा जुळत नसेल तर बहुधा लहानपणी काढलेल्या आधारचं १५ व्या वर्षीचं बायोमेट्रिक अपडेट राहिलेलं असतं, तेही तिथंच होतं.

खातं

मॅपरमध्ये बँक बरोबर, स्टेटस ॲक्टिव्ह, आणि तरी पैसे नाहीत. आता बँकेत जा, कारण आता गडबड खात्यातच आहे.

शाळेत असताना, पाचवी-सातवीत, स्कॉलरशिपसाठी उघडलेली खाती इथं त्रास देतात. तुम्ही तेव्हा अल्पवयीन होता, खात्यावर वडिलांची सही आहे, आणि १८ पूर्ण झाल्यावर केवायसी पुन्हा करून स्वतःची सही द्यायची असते ते कुणी सांगितलेलं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे कमी कागदपत्रांवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’. त्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही (सरकारी अनुदानाच्या जमेला शिलकीची ही अट नाही), वर्षात मिळून १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. बीएच्या पोराला ही मर्यादा कधी जाणवत नाही. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या पोराच्या हप्त्यात फीची रक्कमही असेल तर वर्षाची मर्यादा ओलांडली जाऊन हप्ता परत जाऊ शकतो. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घेतलं की ही भानगड मिटते.

जनधन खाती २०१४ पासून उघडली गेली. कमी जोखमीच्या खात्यालाही १० वर्षांनी केवायसी नव्यानं लागतं, त्यामुळं घरच्यांच्या सोबत तेव्हाच उघडलेली खाती आता त्या मुदतीत आली आहेत. आधार, पॅन असेल तर पॅन, फोटो, एवढं घेऊन गेलं की काम होतं.

दोन वर्षं स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. स्कॉलरशिप आणि डीबीटीसाठीची शून्य शिलकीची खाती या कारणानं निष्क्रिय करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून सांगितलेलं आहे. पण तुमचं खातं बँकेच्या नोंदीत तशा प्रकारचं आहे की साधं बचत, हे तुम्हाला माहीत नसतं. त्यापेक्षा मधूनअधून शंभर रुपये टाका, काढा.

जुनं पासबुक हैदराबाद बँकेचं असेल तर? आपल्याकडं अजून कित्येक घरांत ती पासबुकं आहेत. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. देना, सिंडिकेट, आंध्रा याही नंतर दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. पोरं आयएफएससी बदलला म्हणून काळजी करतात. आधारवर येणाऱ्या पैशाला आयएफएससी लागत नाही, त्यामुळं निव्वळ त्यापायी स्कॉलरशिप अडकत नाही. पण इतकं जुनं पासबुक हातात असेल तर मधल्या काळात केवायसी झालेलं नसण्याची शक्यता दांडगी, ते विचारा.

आता जरा गंभीर. खातं ‘फ्रीज’ आहे किंवा त्यावर ‘होल्ड’ आहे असं बँकेनं सांगितलं तर आठवा, मधल्या काळात कुणाला खातं वापरायला दिलं होतं का? ‘तुझ्या खात्यावर पैसे येतील, काढून दे, हजार तुझे’ असं सांगणारे होस्टेलच्या आणि कॉट बेसिसच्या खोल्यांपर्यंत पोचलेत. ते पैसे ऑनलाइन फसवणुकीतले असतात. तक्रार कुठल्या राज्यात नोंदली गेली असेल याचा पत्ता नसतो, आणि त्या तपासात तुमचं खातं गोठतं. स्कॉलरशिप त्याच खात्यात अडकते. यात बँक शाखेच्या हातात फार काही नसतं. तक्रारीचा नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, घरी सांगा आणि वकिलाचा किंवा जाणत्या माणसाचा सल्ला घेऊनच पुढचं पाऊल टाका. खातं सोडवून देतो म्हणणाऱ्या तिसऱ्याच माणसाला पैसे देऊ नका.

पडले होते, पण दिसत नाहीत

असंही होतं. पासबुक भरून आणा आणि प्रत्येक ओळ वाचा. मे महिन्याच्या शेवटी जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० कापले जातात, खातं उघडताना त्या खुणा कुणीतरी केलेल्या असतात. विमा हवा असेल तर ठेवा, नको असेल तर लेखी देऊन बंद करा. एखाद्या लोन ॲपला ऑटो-डेबिटची परवानगी दिलेली असेल तर स्कॉलरशिप सकाळी पडते आणि दुपारी जाते. मेसचे पैसे थकले म्हणून ॲपवरून कर्ज काढण्यापेक्षा मेसवाल्या काकूंना खरं सांगितलेलं बरं. त्यांनी स्कॉलरशिपवर शिकलेल्या कैक बॅचेस बघितलेल्या असतात. कॉलेजात कमवा व शिका योजना चालू असेल तर तिथंही विचारा, हप्त्यांच्या मधल्या महिन्यांत तेवढाच आधार.

अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचं वेगळं आहे, त्यात उलटा घोटाळा होतो. २०२१ मधल्या बदलानंतर या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात तुमच्या निर्वाह भत्त्यासोबत कॉलेजच्या फीचाही भाग असतो, आणि तो तुम्ही कॉलेजला भरायचा असतो. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला निर्वाह भत्ता वर्षाला होस्टेलवाल्याला ६,०००, घरून येणाऱ्याला ३,००० असा आहे. खात्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम दिसली तर मोबाइल घ्यायला पैठण गेटकडं निघू नका. पोर्टलवर किंवा कॉलेजच्या टेबलवर फोड विचारा: यातलं माझं किती, कॉलेजचं किती. नाहीतर परीक्षा फॉर्मच्या वेळी थकबाकी म्हणून नाव लागतं. आणि एक वाटा आला, दुसरा आला नाही, म्हणजे काही बिघडलं असं नाही. दोन्ही वाटे वेगवेगळे निघतात. केंद्राचा वाटा निघाला का, हे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या पैसे वाटपाच्या यंत्रणेच्या वेबसाइटवर पेमेंट स्टेटसमध्ये बघता येतं.

कुणी ऐकूनच घेत नसेल तर

बँक सीडिंग करून देत नसेल किंवा ‘सर्व्हर डाउन’ म्हणून परत पाठवत असेल तर तोंडी भांडण करू नका. शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या, बँकेच्या ऑनलाइन तक्रारीत तोच मजकूर टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. माहिती हवी असेल तर १४४४८. गंमत अशी की तक्रार नंबर हातात असला की सर्व्हर लवकर चालू होतो.

विभागाकडची अडचण असेल तर महाडीबीटीवरच तक्रारीचा पर्याय आहे. अर्जाचा आयडी, मायआधारचा स्क्रीनशॉट आणि पासबुकाचं शेवटचं पान जोडा. नुसतं ‘सर माझी स्कॉलरशिप आली नाही’ असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. सीडिंग नव्यानं केलं असेल तर तोच स्क्रीनशॉट कॉलेजच्या टेबलवरही द्या, परत गेलेल्या हप्त्यांच्या यादीत तुमचं नाव असेल तर त्यांना पुढं कळवायला बरं पडतं.

‘तुमची स्कॉलरशिप अडकली आहे, खालची फाइल उघडा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला, त्यात एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) असली, तर डिलीट करा. चुकून उघडलीच आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा. पहिल्या तासाभरात केलेल्या फोनला किंमत असते.

सीडिंग बदलल्यावर एक-दोन कामाचे दिवस थांबून मायआधारवर परत बघा. नवं नाव आणि नवी तारीख दिसली की झालं. फॉर्म भरण्याचा सीझन सुरू होण्याआधी, साधारण ॲडमिशनच्या वेळीच, हे एकदा बघून घेतलं तर सगळ्यात उत्तम, कारण मंजुरीची फाइल निघाल्यावर केलेला बदल त्या हप्त्याला लागू पडेलच असं नाही.

शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी एक वेगळी सूचना. शेवटचा हप्ता बऱ्याचदा निकाल लागून तुम्ही पुण्याला नोकरीला गेल्यावर येतो. तिथं कंपनी सॅलरी अकाउंट उघडून देते, त्या फॉर्ममध्ये डीबीटीच्या संमतीचा एक चौकोन असतो आणि घाईत त्यावर टिक होते. गावच्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजला फोन करण्याआधी सॅलरी अकाउंटचं स्टेटमेंट उघडून बघा.